सकाळच्या घाईत सोयाबीनची उसळ

ताई, सातच्या बसच्या आधी होणारा, पोहे-सुशीला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा नाश्ता) टाळून प्रथिनं देणारा नाश्ता तुम्ही विचारलात. त्यावर बऱ्याच जणांनी मुगाचं धिरडं सुचवलंय. धिरडं चांगलंच, पण 100 ग्रॅम कोरड्या मुगात प्रथिनं साधारण 24 ग्रॅम आणि कर्बोदकं 60 च्या आसपास, म्हणजे कर्बोदकं कमी करायचीत तर ते रोजचं नको.

आमच्या लातूरकडं शिवारभर सोयाबीन, पण पोती भरून सगळं आडतीवर जातं, घरात कुणी शिजवत नाही. याचं मला फार वाईट वाटतं. कोरड्या 50 ग्रॅम सोयाबीनमधून 18 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात आणि कर्बोदकं मुगापेक्षा निम्म्याहून कमी. रविवारी रात्री भिजत घाला, सकाळी ते पाणी फेकून नव्या पाण्यात कुकरला मऊ होईस्तोवर शिजवा. कच्चट मात्र अजिबात ठेवू नका, पचत नाही. थंड झालं की डब्यात भरून फ्रीजमध्ये, तीन दिवस निघतात. मग रोज सकाळी तव्यावर तेल, कांदा, मिरचीचा ठेचा, वरून लिंबू-कोथिंबीर. पाच मिनिटांत ताटली तयार.

अंडी चालत असतील तर त्यातच दोन फोडून परता, आणखी 12 ग्रॅम प्रथिनं. सोबत काकडी घ्या, भाकरी दुपारी.

घरात कुणाला साखरेची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर कर्बोदकं एकदम कमी करण्याआधी डॉक्टरांना नक्की विचारा, साखर खाली जाऊ शकते.