नोकरीसाठी पदरमोड करून टाइप रेटिंग करावं का? (मदत हवी आहे)

नमस्कार. जरा सविस्तर लिहितेय.

कमर्शियल पायलट लायसन्स हातात आहे, मल्टी-इंजिन आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंगही झालंय. उड्डाणाचे तास दोनशेच्या जरासे वर, म्हणजे लायसन्सपुरतेच. अर्ज केला की हमखास विचारतात, "टाइप रेटिंग आहे का?" या क्षेत्राबाहेरच्यांसाठी सांगते : जेट उडवायचं तर त्या विशिष्ट विमानाचं वेगळं प्रशिक्षण आणि परीक्षा लागते. एअरबस ए३२०चं रेटिंग केलं तर ए३१९, ए३२१ चालतात, बोइंग ७३७ चालत नाही.

एका संस्थेने ए३२०चा कोर्स देऊ केलाय. खर्च सगळा माझा. आधीचं कर्ज फिटलेलं नाही, त्यामुळे बाबांना पुन्हा जामीन राहावं लागेल. ते "घेऊन टाक" म्हणतात, आई काहीच बोलत नाही. संस्थेचे समुपदेशक फोनवर म्हणाले, "आमची मुलं लगेच लागतात." करारात मात्र एवढंच आहे की संस्था उमेदवारांची नावं विमान कंपन्यांना कळवेल.

दुसरा मार्ग म्हणजे इन्स्ट्रक्टर रेटिंग करून शिकवत शिकवत तास वाढवायचे. तोवर बॅचमेट जेटवर पोचतील, ही धास्ती आहेच.

जाणकारांनी सांगावं : रेटिंग आहे पण त्या विमानावरचे तास शून्य, अशा उमेदवाराला कंपन्या खरंच विचारतात का?

प्रतिसाद १ :
सहसा नाही. जाहिराती नीट वाचा. 'रेटेड सहवैमानिक हवेत'च्या खालीच बऱ्याचदा टाइपवरच्या किमान तासांची अट असते. कंपनीला लाइन ट्रेनिंग झालेला माणूस हवा असतो. आणि प्रवासी घेऊन, ट्रेनिंग कॅप्टनच्या शेजारी बसून होणारं हे लाइन ट्रेनिंग कंपनीत शिरल्याशिवाय मिळत नाही. इथेच सगळं घोडं अडतं.

शिवाय रेटिंग नुसतं ठेवून टिकत नाही. मुदत संपली की पुन्हा सिम्युलेटर, पुन्हा चेक, पुन्हा पैसे. त्याआधीच हात विसरायला लागतात. व्ही-वननंतर, म्हणजे टेकऑफ रद्द करता येत नाही त्या वेगानंतर, इंजिन गेलं की रडरच्या पेडलवर कोणता पाय, किती दाबायचा, हे सिम्युलेटरमध्ये अंगवळणी पडतं आणि काही महिन्यांत निसटतं. मुलाखतीच्या सिम-चेकला नेमकं तेच बघतात.

बाजाराचंही काही खरं नसतं. ७३७ मॅक्स मार्च २०१९मध्ये जगभर जमिनीवर बसलं, उड्डाणबंदी उठायला सुरुवात व्हायला नोव्हेंबर २०२० उजाडला. मधल्या काळात कोविडने भरतीच थांबवली. ताजं रेटिंग घेऊन घरी बसलेली किती तरी मुलं तेव्हा पाहिली. कर्जाचे हप्ते थांबत नाहीत हो.

तरी सरसकट नको म्हणणार नाही. युरोपातल्या रायनएअर या विमान कंपनीकडे वर्षानुवर्षं नवशिक्यांनी स्वखर्चाने ७३७चं रेटिंग केलं आणि पुढे कॅप्टन झाले. पण तिथे निवड आधी व्हायची, पैसे नंतर. कंपनीचं नेमणुकीचं पत्र हातात असेल, तर कर्जाचा विचार करा. नावं कळवण्याच्या आश्वासनावर बाबांची सही घेऊ नका.

कंपनी खर्च करून बाँड लिहून घेत असेल तर तो सौदा बरा. अमुक वर्षं थांबायचं, आधी सोडलं तर उरलेली रक्कम भरायची. 'पे टू फ्लाय'च्या मात्र वाऱ्यालाही उभं राहू नका. त्यात लाइन ट्रेनिंगचे तासही विकत घ्यायचे. तुमचे तास संपले की त्या सीटवर पुढचं गिऱ्हाईक.

प्रतिसाद २ :
संस्थेला लेखी विचारा : बेस ट्रेनिंग, म्हणजे खऱ्या विमानावरचे टेकऑफ-लँडिंग, फीमध्ये आहे का? चेकमध्ये नापास झाल्यास जादा सेशनचे पैसे कोणाचे? सिम-पार्टनर (सिम्युलेटरमध्ये जोडीने शिकणारा दुसरा उमेदवार) मध्येच सोडून गेला तर? आणि गेल्या बॅचमधल्या दोघा-तिघांशी बोलायला मिळेल का? उत्तरं फोनवर घेऊ नका.

(इन्स्ट्रक्टर व्हा, असं माझं मत. एटीपीएलसाठी, म्हणजे कॅप्टन व्हायला लागणाऱ्या वरच्या लायसन्ससाठी, १५०० तास जमवायचेच आहेत. विद्यार्थ्याची बिघडत चाललेली लँडिंग सावरताना स्वतःचा हातही सुधारतो.)

धागाकर्ती :
दोघांचेही आभार. मेल टाकला होता, उत्तर आलं. बेस ट्रेनिंग फीमध्ये धरलेलं नाही, आणि जुन्या बॅचबद्दल 'गोपनीयतेमुळे सांगता येणार नाही.' बाबांना वाचून दाखवलं, तूर्त कर्जाचा अर्ज थांबवलाय. आता इन्स्ट्रक्टर रेटिंगचं बघते. कोणी शिकवता शिकवता कॅडेट प्रोग्रॅमची (विमान कंपनी नवशिक्यांना निवडून तयार करते त्याची) परीक्षा दिली आहे का? अभ्यासाला वेळ मिळतो का?