निरक्षर पालक आणि मुलांचे वाचन

निरक्षर आईला तीन वर्षांच्या मुलासोबत पुस्तक घेऊन बसवण्यात काय अर्थ आहे, अशी शंका पालक आणि मुलांच्या एकत्र वाचनवर्गांबद्दल घेतली जाते; ती मला पटत नाही. या वयात मुलाला अक्षरांच्या आधी भरपूर बोलणे हवे असते आणि ते आईकडे असतेच. गोवंडीतल्या एका वस्तीत बाजाराचे चित्र समोर येताच एका आईने खालच्या मजकुराकडे न बघता "भाजीवाली कुठंय? तिच्या टोपलीत काय काय दिसतंय?" असे विचारायला सुरुवात केली, आणि एरवी गप्प बसणारा तिचा मुलगा पार पडवळापर्यंत सगळ्या भाज्यांची नावे सांगत सुटला. वाचनाची सुरुवात मी यालाच मानतो. (घरात भोजपुरी किंवा दखनी बोलत असतील, तर हे त्याच भाषेत होऊ द्यावे.)

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये डहाणूजवळच्या बोर्डी गावात बालशिक्षणाचे काम सुरू केले, तेव्हा शाळा मुलांच्या अंगणापर्यंत नेली. मुंबईतही तेच करावे लागेल. घरकामाला जाणाऱ्या बायकांना सकाळी अकराची वेळ जमणार नाही, आणि नळाला पाणी येण्याच्या वेळी तर कोणीच फिरकणार नाही. म्हणून हा वाचनवर्ग संध्याकाळी, शक्यतो अंगणवाडीच्या जागेतच भरवावा, तान्ह्या भावंडांनाही येऊ द्यावे आणि प्रत्येक घरी आठवडाभरासाठी एक पुस्तक द्यावे. फाटेल म्हणून ते कपाटात ठेवू नये. वडिलांसाठी रविवार राखून ठेवावा, असे मी आग्रहाने सुचवतो.