मदत हवी आहे : २० खाटांच्या रुग्णालयात इन्फेक्शन कंट्रोलचं ट्रेनिंग कसं घ्यावं? (तासगाव, जि. सांगली)

इन्चार्ज_सिस्टर
नमस्कार. तासगावात २० खाटांचं खासगी रुग्णालय आहे. एक ओटी (ऑपरेशन थिएटर), लेबर रूम, जनरल वॉर्ड. सहा सिस्टर, चार मावशी, दोन मामा. मावशी-मामांत निम्मे नवीन आहेत, दोघींना लिहिता-वाचता येत नाही. सगळ्यांचं ट्रेनिंग मला घ्यायचंय. हायपोचं (जंतुनाशक सोडियम हायपोक्लोराइटचं) पाणी प्रत्येक जण अंदाजाने करतो. सुई टोचली तर पहिल्या तासात नेमकं काय करायचं, हे कुणालाच नीट माहीत नाही. ऑटोक्लेव्हमधून (वाफेच्या दाबाने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रातून) अवजारं-कपड्यांचे पॅक ओले निघतात, पण त्यांवर लावलेल्या उष्णतेने रंग बदलणाऱ्या टेपवर पट्टे मात्र काळे उमटलेले असतात. बाहेरून माणूस बोलवावा की आपणच घ्यावं? सुरुवात कुठून करावी?

मिरज_मायक्रो
ताई, तुम्हीच घ्या. बाहेरचा माणूस दोन तास बोलून जातो आणि दुसऱ्या दिवशी वॉर्ड होता तसाच असतो. ड्यूटी बदलताना १५ मिनिटं, एका वेळी एकच विषय, आणि तोही जिथे ते काम होतं तिथेच. हात धुणं बेसिनपाशी, कचरा डब्यांपाशी. तुम्ही करून दाखवा, मग प्रत्येकाकडून करून घ्या. मान डोलावली म्हणजे समजलं, असं धरू नका.

हात धुण्यासाठी एक प्रयोग : ग्लोव्हज घातलेल्या हातावर चमचाभर पोस्टर कलर द्या आणि डोळे मिटून नेहमीसारखे हात चोळायला सांगा. डोळे उघडले की अंगठा, बोटांची टोकं आणि मागची बाजू कोरी दिसते. वाचता न येणाऱ्या मावशीलाही काही समजावून सांगावं लागत नाही. साबण-पाण्याने ४० ते ६० सेकंद, हँडरबने (हाताला चोळायच्या अल्कोहोलच्या द्रवाने) २० ते ३० सेकंद. हात दिसायला मळलेले किंवा रक्त लागलेले असतील तर रब चालत नाही, धुवावेच लागतात.

ग्लोव्हजबद्दल मात्र कडक राहा. संडास साफ केलेले ग्लोव्हज घालूनच दाराची कडी, मग खाटेची दांडी धरली जाते. ग्लोव्हज मावशीला वाचवतात, पेशंटला नाही. काम संपलं की काढायचे आणि लगेच हात धुवायचे.

सिव्हिल_स्टोअर
हायपोचं सांगतो. आधी कॅनवरचा टक्का वाचा. ५ टक्क्यांचं असेल तर १ टक्का करायला १ लिटर हायपोत ४ लिटर पाणी. १० टक्क्यांचं असेल तर १ लिटरला ९ लिटर. ब्लीचिंग पावडर साधारण ३३ टक्के क्लोरीनची असते, तिचे ३० ग्रॅम एका लिटरला. तासगावचा उन्हाळा आणि पत्र्याची खोली म्हणजे कॅन दोन-तीन महिन्यांत कमजोर होतो, तेव्हा लहान कॅन घ्या, अंधारात ठेवा, उघडल्याची तारीख लिहा. केलेलं पाणी त्याच दिवसापुरतं.

अंदाज मोडायचा तर बादलीला आतून नेलपॉलिशने दोन रेघा मारा. खालची रेघ हायपोची, वरची पाण्याची. एवढ्याने निम्मा घोटाळा संपतो.

रक्त सांडलं तर ग्लोव्हज घालून आधी वर्तमानपत्र किंवा कापड टाका, त्यावर १ टक्का हायपो ओता, किमान १० मिनिटं थांबा, सगळं उचलून पिवळ्या पिशवीत टाका, मग लादी पुन्हा पुसा. ही १० मिनिटं कुणी थांबत नाही, तिथेच चुकतं. सांडलेल्या लघवीवर हायपो थेट ओतू नका, आधी टिपून घ्या. संडास साफ करायच्या ॲसिडमध्ये तर कधीच मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो. धातूची अवजारंही हायपोत बुडवून ठेवू नका, गंजतात.

एआरटी_कौन्सेलर
सुई टोचल्यावरचा क्रम भिंतीवर चित्रांत लावा. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायची. दाबून रक्त काढायचं नाही, बोट तोंडात घालायचं नाही, स्पिरिट किंवा हायपो लावायचं नाही. डोळ्यात उडालं तर स्वच्छ पाण्याने किंवा सलाईनने धुवत राहायचं. मग ताबडतोब इन्चार्जना सांगायचं. एचआयव्हीची लागण टाळणारं औषध लागणार असेल तर शक्यतो २ तासांत सुरू व्हावं, ७२ तासांनंतर उपयोग नाही. कोर्स २८ दिवसांचा. ज्याची सुई टोचली त्या पेशंटची तपासणी त्याच्या संमतीने करायची, पण रिपोर्टची वाट बघत पहिला डोस थांबवायचा नाही. कर्मचाऱ्याचं रक्त तपासायचं त्याच दिवशी, नंतर ६ आठवडे आणि ३ महिन्यांनी.

तासगावहून सांगलीला जाण्यात वेळ जातो. म्हणून आजच सिव्हिलला (सांगलीच्या सरकारी रुग्णालयाला) फोन करून रात्री औषध कुणाकडून मिळतं ते विचारा आणि तो नंबर ड्रेसिंग ट्रॉलीवर चिकटवा. नॅकोची (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेची) हेल्पलाइन १०९७.

हिपॅटायटिस बी तर एचआयव्हीपेक्षा कितीतरी पटींनी सहज लागतो, आणि त्याची लस आहे. ०, १ आणि ६ महिने असे तीन डोस, शेवटच्या डोसनंतर १ ते २ महिन्यांनी टायटर (रक्तातल्या प्रतिपिंडांची पातळी). १० किंवा त्याहून जास्त आलं की संरक्षण आहे असं धरतात. धनुर्वाताची लसही द्या. नव्या मावशीला पहिला डोस मिळेपर्यंत सुयांच्या डब्याजवळ पाठवू नका.

आणि ताई, टोचलं म्हणून सांगायला आलेल्या माणसाला रागावू नका. एकदा कुणी बोलणी खाल्ली की पुढची सुई लपवली जाते. एचआयव्ही-एड्स कायदा २०१७ नुसार हे ट्रेनिंग, सुरक्षेचं साहित्य आणि औषध पुरवणं ही रुग्णालयाची जबाबदारी आहे. डॉक्टरांना हे ठामपणे सांगा.

इन्चार्ज_सिस्टर
खूप आभार. कचऱ्याच्या मावशी कंत्राटदाराच्या आहेत. त्यांची लसही आम्हीच द्यायची का? आणि सुया वेगळ्या कशा करायला शिकवू?

मिरज_मायक्रो
हो, तुम्हीच द्यायची. जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाबद्दल आहेत, पगार कोण देतो याबद्दल नाहीत. रुजू होताना आणि नंतर दरवर्षी ट्रेनिंग त्याच नियमांत बंधनकारक केलंय. तारीख, विषय आणि सही-अंगठा असलेली वही ठेवा, ३० जूनपर्यंत द्यायच्या वार्षिक अहवालाला लागते.

सुईचं टोपण परत लावायचं नाही, टोचण्याच्या घटना तिथेच जास्त होतात. हब कटर (सिरिंजपासून सुई कापून वेगळी करणारं साधन) इंजेक्शन ट्रेवरच हवा. सुई पांढऱ्या न भोसकणाऱ्या डब्यात, सिरिंज लाल पिशवीत, काचेच्या व्हायल (औषधाच्या छोट्या बाटल्या) निळ्यात. पांढरा डबा पाऊण भरला की बंद. प्रक्रिया न केलेला कचरा ४८ तासांपेक्षा जास्त ठेवायचा नाही.

ओटी_टेक
ओल्या पॅकचं कारण बहुतेक गच्च भरणं किंवा आत अडकलेली हवा. ड्रमची (पॅक भरायच्या डब्याची) भोकं उघडी हवीत, पाऊण भागच भरा, पॅक उभे ठेवा. व्हॉल्व्हमधून फुसफुस जाऊन वाफेची सलग धार लागली की तो बंद करा. घड्याळ १५ पौंड, १२१ अंश आल्यावर सुरू : गुंडाळलेल्या पॅकला ३० मिनिटं. टेप फक्त गरम झाल्याचं सांगते. सर्वांत मोठ्या पॅकच्या पोटात केमिकल स्ट्रिप ठेवा, आठवड्यातून एकदा स्पोअर टेस्ट (चिवट जिवाणू खरंच मेले का याची तपासणी) करा. ओला पॅक निर्जंतुक नाही असंच धरा.

महाबळेश्वर_पीएचसी
आमच्याकडेही १५ पौंडच ठेवायचं का? पाणीच लवकर उकळतं इथं.

ओटी_टेक
नाही. गेज बाहेरच्या हवेच्या तुलनेत दाब दाखवतो आणि सुमारे १३५० मीटरवर ती हवाच विरळ आहे. १५ पौंडांना आत साधारण ११८-११९ अंशच मिळतात. १७ पौंडांपर्यंत न्या, पण आधी यंत्राच्या पाटीवरची दाबाची मर्यादा आणि सेफ्टी व्हॉल्व्ह बघा. तेवढा दाब चालत नसेल तर वेळ जवळपास दुप्पट करा आणि स्पोअर टेस्टने खात्री झाल्याशिवाय तो लोड वापरू नका.