लॅब नाही, तरी एम.पी.एड.चा प्रबंध: कबड्डीच्या सरावात किती घाम जातो?

उजवा_कोपरा
नमस्कार. मी एम.पी.एड.च्या (शारीरिक शिक्षणातली पदव्युत्तर पदवी) दुसऱ्या वर्षाला आहे, घर वेंगुर्ल्याजवळ. प्रबंधाचा विषय द्यायची वेळ आली आहे. वर्गात बहुतेकांनी 'सहा आठवड्यांच्या प्लायोमेट्रिक (उड्यांच्या) सरावाचा चपळतेवर परिणाम' या साच्यातले विषय घेतलेत. मला ते नको आहे. गावच्या मंडळात मी मुलींच्या संघातून कबड्डी खेळते. सराव अंधार पडल्यावर, दिवे लावून, लाल मातीवर. एप्रिल लागला की जर्सी पिळून काढावी लागते, तरी मध्यंतराला कोणी धड पाणी पीत नाही, कारण 'पोट जड होतं'. वजनी गटाची स्पर्धा जवळ आली की पाणीच तोडणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत, आणि ते बघवत नाही.

एका सरावात शरीरातलं किती पाणी जातं आणि किती भरून निघतं, हे मला मोजायचं आहे. गाईड विचारतात, उपकरणं कुठून आणणार? हे एकटीने पेलेल का? की विषय किरकोळ वाटेल?

जांभा_मैदान
गो बाय, हाच विषय घे. आमच्या पिढीने खेळताना पाणी पिणं म्हणजे दुबळेपणा असंच शिकवलं, कोणीतरी आकडे दाखवायलाच हवेत. फक्त मृगाच्या आधी मोजणी उरकायला हवी, पाऊस लागला की मैदान गेलं. आणि स्पर्धेच्या तोंडावरचा सराव न् एरवीचा सराव सारखा धरू नको.

ओलाकोरडा
विषय किरकोळ अजिबात नाही. मी रत्नागिरीत शारीरिक शिक्षण शिकवतो, प्रबंध तपासतो, म्हणून लांब लिहितो.

हिशेब सोपा आहे. आधीच्या वजनातून नंतरचं वजा करायचं, त्यात प्यायलेलं पाणी मिळवायचं, मध्ये कोणी लघवीला गेली तर तेवढं वजा. समजा 58.4 किलोची मुलगी 57.5 वर आली आणि मध्ये 300 मिली प्यायली. घाम गेला साधारण 1.2 लिटर, तूट राहिली 0.9 किलो, म्हणजे वजनाच्या दीड टक्का. दोन टक्क्यांपुढे तूट गेली की दमसासावर परिणाम होतो असं सर्वसाधारणपणे मानतात, उकाड्यात विशेष.

खरी मेख काट्यात आहे. काटा 100 ग्रॅमच्या पायरीने आकडा दाखवत असेल तर 900 ग्रॅमच्या फरकात नुसत्या पायरीमुळेच 100 ग्रॅमपर्यंतची चूक शिरू शकते. 50 ग्रॅम किंवा त्याहून बारीक दाखवणारा घे, मातीवर नको, सपाट फरशीवर ठेव. मुख्य मोजणीआधी एकाच मुलीला लागोपाठ अनेकदा चढव-उतरव आणि आकडा किती हलतो ते लिहून ठेव. ते पान प्रबंधात असू दे. मी तपासायला बसलो की आधी तेच शोधतो. मोजमापाचीच चूक ठाऊक नसेल तर पुढच्या टी-टेस्टचा (सरासऱ्यांतला फरक खरा की योगायोग हे तपासणाऱ्या गणिताचा) काय उपयोग? कपड्यांचंही तसंच. भिजलेली जर्सी अंगावर असेल तर गेलेला घाम काट्यावरच उभा आहे. अंग पुसून, दोन्ही वेळी कोरड्या, हलक्या कपड्यांत वजन घे.

हवाही मोज. आपल्या किनाऱ्यावर हवेत इतकी वाफ असते की घाम सुकत नाही, ठिबकतो. एक लिटर घाम पूर्ण सुकला तर सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. ठिबकून मातीत गेला तर पाणी गेलं आणि थंडावाही नाही. तापमान, दमटपणा आणि ऊन एकत्र धरणाऱ्या उष्म्याच्या डब्ल्यूबीजीटी निर्देशांकात ओल्या थर्मामीटरला (ज्याच्या टोकाला ओलं कापड असतं) 0.7 इतका वाटा आहे तो यामुळेच. तुम्ही ऊन गेल्यावर खेळता, तेव्हा ओल्या-कोरड्या थर्मामीटरची जोडी मैदानाच्या कडेला लावली तरी पुष्कळ कळेल.

सरावाचा जोर मोजायला हृदयगतीचे पट्टे नसले तरी चालेल. कार्ल फॉस्टर यांची पद्धत वापर: सराव संपल्यावर अर्ध्या तासाने प्रत्येकीला 0 ते 10 मध्ये 'एकूण किती जड गेलं' ते विचारायचं आणि त्याला सरावाच्या मिनिटांनी गुणायचं. एकेकीला बाजूला घेऊन विचार, नाहीतर पहिलीचाच आकडा सगळ्या सांगतात.

'एका गटाला पाणी, दुसऱ्याला नाही' हा मोह टाळ. तहानलेल्या मुलीला मुद्दाम कोरडं ठेवायला मी तरी सही करणार नाही. शिवाय असा हस्तक्षेप आला की पहिली खेळाडू घेण्याआधी सीटीआरआयमध्ये (वैद्यकीय चाचण्यांची देशाची नोंदवही) नोंदणी करावी लागते. नुसतं निरीक्षण कर. संघ लहान असला तरी चालेल, प्रत्येकीची मोजणी अनेक सरावांत घे. मात्र एका मुलीच्या पाच मोजण्या म्हणजे पाच मुली नव्हेत, विश्लेषणात हे सांभाळ.

फिजिओ_दापोली
वरच्यांशी सहमत. दोन गोष्टी सुटल्यात. कॉलेजच्या नैतिक समितीची परवानगी मोजणीआधी घे, नंतर घेता येत नाही. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं वाच. 18 च्या आतल्या मुलीसाठी पालकांची लेखी संमती लागते, आणि तिची स्वतःची तयारीही वेगळी विचारावी लागते. तू त्यांच्याच संघातली आहेस, तुला 'नाही' म्हणणं त्यांना जड जाईल. म्हणून संमतीपत्र बाहेरच्या कोणा बाईकडून समजावून दे.

वजन बंद खोलीत घे आणि आकडा मोठ्याने सांगू नकोस. वजनी गटात खेळणाऱ्या मुलींना तो फार लागतो. आणि कोणी सरावानंतर आधीपेक्षा जड भरली तर तीही धोक्याची खूण आहे, गरजेपेक्षा जास्त पाणी प्यायल्याची. 'जमेल तितकं प्या' असा सल्ला प्रबंधात लिहू नकोस.

उजवा_कोपरा
सर्वांचे मनापासून आभार. गाईडना हे दाखवलं, काट्याची चाचणी आधी करून दाखवायच्या अटीवर ते तयार झालेत. मैदानाशेजारच्या शाळेची खोली मिळेल. अडचण एकच: सगळ्या एकाच कळशीतून पितात. कोण किती प्यायली ते कसं मोजू?

ओलाकोरडा
प्रत्येकीला नाव लिहिलेली बाटली दे आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर बाटलीचंच आधी-नंतर वजन कर, ग्रॅम म्हणजे मिली. चूळ भरायला, तोंडावर मारायला बादली वेगळी ठेव, त्या बाटलीतलं पाणी फक्त पिण्यासाठी. नवी बाटली हातात आली की मुली एरवीपेक्षा जास्त पितील. म्हणून सुरुवातीचे काही सराव बाटल्या नुसत्या वापरू देत, नोंद त्यानंतर धर.