शब्दचर्चा : ‘धोरणसंबद्ध, परंतु धोरणनिर्देशक नव्हे’ हे मराठी आहे काय?

धांडोळा
आयपीसीसी, म्हणजे हवामानबदलावरील आंतरसरकारी मंडळ, याची ओळख करून देणारा लेख लिहिताना एका वाक्यापाशी अडलो आहे. जागतिक हवामान संघटना आणि संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम यांनी १९८८ मध्ये स्थापन केलेले हे मंडळ स्वतः संशोधन करत नाही. जगभर प्रसिद्ध झालेल्या संशोधनाचा आढावा घेऊन ते तो सरकारांपुढे ठेवते, आणि आपले अहवाल ‘पॉलिसी-रेलेव्हंट’ असतात, ‘पॉलिसी-प्रिस्क्रिप्टिव्ह’ नसतात, असे आवर्जून सांगते. मी ‘धोरणसंबद्ध, परंतु धोरणनिर्देशक नव्हे’ असे लिहिले. त्यातून हा अनुवाद आहे एवढेच वाचकाला कळेल, असे संपादिकाबाईंचे म्हणणे आहे. त्यांनी सुचवलेला ‘धोरणाला उपयोगी’ हा पर्याय मला खटकतो, कारण त्यात विज्ञान सरकारच्या सोयीसाठी राबते असा वास येतो. जाणकारांनी मार्ग दाखवावा.

रानवारा
आपली खरी अडचण ‘निर्देशक’ या शब्दात आहे. निर्देश करणे म्हणजे बोट दाखवणे, आणि तेवढे तर हे अहवाल करतातच. ते आदेश देत नाहीत, हा मुद्दा आहे. रक्ततपासणीच्या अहवालात साखर किती वाढली ते लिहिलेले असते, गोळी कोणती घ्यावी ते नसते; ती चिठ्ठी डॉक्टर लिहितात. तेव्हा समास सोडून ‘धोरण ठरवताना लागणारे, पण धोरण ठरवून न देणारे’ असे सरळ लिहावे. लांबी वाढेल, वाढू द्यावी.

जुनी वही
‘ठरवून न देणारे’ पटले. मात्र ‘धोरण’ या शब्दाकडेही जरा पाहावे. अमरकोशात वाहनाच्या पर्यायांमध्ये ‘धोरण’ येतो, आणि संस्कृत कोशांत घोड्याची दुडकी चाल असाही अर्थ दिलेला आहे. म्हणजे धोरण ही मुळात चाल आहे, आणि ‘धोरणी माणूस’ म्हणताना आपल्याला पुढची चाल ओळखणारा माणूसच अभिप्रेत असतो. मग वैज्ञानिक चाल सांगत नाहीत, वाट कशी आहे ते सांगतात, असे का म्हणू नये?

अर्धविराम
अमरकोशातले वाहन आणि मंत्रालयातले धोरण यांच्यामध्ये कित्येक शतके मोकळी पडलेली आहेत. ती भरल्याशिवाय ही व्युत्पत्ती केवळ रंजक राहते. मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो त्याच अहवालाचा दुसरा शब्द. ‘समरी फॉर पॉलिसीमेकर्स’ला वृत्तपत्रे ‘सारांश’ म्हणतात. मी ‘धोरणकर्त्यांसाठी गोषवारा’ म्हणेन.

जुनी वही
गोषवारा फारसी आहे. ‘सारांश’ हा आपला, रुळलेला आणि निर्दोष शब्द हाताशी असताना दरबारी फारसी पुन्हा आणण्याचे कारण समजले नाही. फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेणाऱ्या शिवछत्रपतींच्या मुलुखात तरी एवढा विवेक असावा.

अर्धविराम
ज्या ‘हवामाना’वर हा सारा धागा चालला आहे, त्यातली ‘हवा’ अरबीतून फारसीमार्गे आलेली आहे, ती आपण कोठे ठेवणार? माझे कारण निराळे आहे. सारांश कोणीही आपल्या समजुतीने लिहितो. गोषवारा हा हिशेबाचा शब्द आहे, आणि त्यातला प्रत्येक आकडा मागच्या खातेवहीत सापडावा लागतो. या मंडळाचा नियम नेमका तोच आहे. वैज्ञानिकांनी केलेल्या मसुद्याची एकेक ओळ सदस्य-सरकारांचे प्रतिनिधी संमत करतात, पण मूळ अहवालातील प्रकरणांशी विसंगत ठरणारे वाक्य वैज्ञानिक घालू देत नाहीत. सरकारे शब्दांवर घासाघीस करू शकतात, मात्र निष्कर्ष बदलू शकत नाहीत. विज्ञान आणि शासन यांना जोडणारा सांधा तेथे आहे, आणि ‘सारांश’ या शब्दात तो दिसत नाही.

पाणवठा
घासाघिशीचा विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. १९९५ मध्ये याच मंडळाच्या माद्रिदच्या बैठकीत हवामानावरील मानवी प्रभावाला कोणते विशेषण लावावे यावर प्रदीर्घ वाद झाला, सौदी अरेबिया आणि कुवेत यांनी हरकती घेतल्या, आणि शेवटी ‘डिसर्निबल’ ठरले. मराठीत त्याला काय म्हणावे? ‘जाणवणारा’ म्हटले तर तो त्वचेला जाणवतो असे वाटते; मला ‘ओळखू येण्याजोगा’ बरा वाटतो. पुढची पंचाईत याहून मोठी आहे, आणि ती तापमानवाढ मुख्यतः माणसामुळे झाली हे किती खात्रीने सांगायचे याची आहे. २००१ च्या अहवालातील ‘लाइकली’, २००७ मधील ‘व्हेरी लाइकली’ आणि २०१३ मधील ‘एक्स्ट्रीमली लाइकली’ यांना अनुक्रमे ६६, ९० आणि ९५ टक्क्यांहून अधिक संभाव्यता असा ठरलेला अर्थ होता. आपल्या बातम्यांत तिन्हींचे ‘शक्यता’ झाले. बारा वर्षांत विज्ञानाची खात्री किती वाढली हे मराठी वाचकाला कळलेच नाही, आणि २०२१ मध्ये एकदम ‘निर्विवाद’ हा शब्द त्याच्यासमोर आला.

धांडोळा
‘संभव’, ‘दाट संभव’, ‘अतिशय दाट संभव’ अशी उतरंड लावली तर? अर्थात माझा मूळ प्रश्न अजून उभा आहे.

रानवारा
त्या प्रश्नाला एक पुरवणी जोडतो. सर्वच आंतरराष्ट्रीय सहकार्य असे हात राखून चालत नाही. मोलिना आणि रोलँड या रसायनशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये शीतकपाटांत वापरल्या जाणाऱ्या क्लोरोफ्लुरोकार्बन या रसायनांचा ओझोनच्या थराला असलेला धोका दाखवला, १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरील ओझोनचा ऱ्हास प्रसिद्ध झाला आणि १९८७ मध्ये अशा रसायनांवर नियंत्रण आणणारा मॉन्ट्रियल करार झाला. या कराराच्या सहाव्या कलमानुसार नियंत्रणाच्या उपायांचे वैज्ञानिक, पर्यावरणीय, तांत्रिक आणि आर्थिक माहितीच्या आधारे किमान दर चार वर्षांनी मूल्यमापन करावे लागते. तज्ज्ञांची मंडळे कोणत्या रसायनाला कोणता पर्याय उपलब्ध आहे इथपर्यंत सांगतात. आपले ‘ठरवून न देणारे’ तेथे जेमतेमच बसेल.

जुनी वही
करारांची भाषा काढलीत तर पॅरिसचा हवामान करारही घ्या. २०१५ मध्ये अगदी शेवटच्या घटकेला चौथ्या कलमाच्या चौथ्या परिच्छेदातील ‘शॅल’ काढून ‘शुड’ घातले गेले, कारण विकसित देशांवर ते कायदेशीर बंधन ठरले असते आणि अमेरिकेला ते चालणार नव्हते. मराठी कायद्यांत ‘शॅल’साठी ‘करील’ योजतात. सामान्य वाचकाला त्यात भविष्यकाळ दिसतो, बंधन दिसत नाही. उलट ‘करावे’ हे त्याला आज्ञेसारखे ऐकू येते. म्हणजे पॅरिसचा अनुवाद शासकीय प्रथेने केला, तर बंधन सैल आणि सूचना कडक वाटेल.

अर्धविराम
म्हणूनच ‘केलेच पाहिजे’ लिहावे, प्रथा गेली तरी चालेल.

जुनी वही
मुळीच नाही. संविधानाच्या मराठी अनुवादात शेकडो ठिकाणी ‘राहील’ आणि ‘करील’ आहे, आणि न्यायालयांना त्याचा अर्थ नीट कळतो.

अर्धविराम
न्यायालयांना कळतो. हा लेख न्यायाधीशांसाठी आहे का, हे धांडोळा यांनी सांगावे.