शांत बसाले वेळ नाही, मन ठिकाणावर कसं आणावं? सल्ला पाहिजे

धुऱ्यावरची (दारव्हा तालुका)
५ एकर कपाशी हाय, वेचणी सुरू हाय. दिवसभर हात बोंडावर अन् डोकं सोसायटीच्या कर्जावर. झोपेत दात आवळलेले राहतात, हे सकाळी जबडा दुखला की समजते. पोरीनं मोबाईलात ध्यानाचं ॲप टाकून दिलं, पण डोळे मिटले की हिशेबच दिसतात. घर सोडून शिबिराले जाणं जमत नाही. कामातच करता येईल असं काही कोणी करते का?

परतवाडेकर
ताई, मग डोळे मिटूच नका. मी नागपूरजवळ माहुरझरीले विपश्यनेचं १० दिवसांचं शिबिर केलं. फी नसते, जुन्या साधकांच्या दानावर चालते. कधी जमलं तर जा. तिथून माह्यासंगं घरी आलं ते एवढंच: अंगात जे होते ते पाहाचं, त्याच्याशी भांडाचं नाही. तुम्ही वेचाले कपाशीचं तास, म्हणजे ओळ, धरलं की आधी पायाचे तळवे पाहा. ढेकूळ टोचते, माती गार लागते. मग कापसानं कमरेची ओटी जड झाली की कंबर. तास संपलं की जबडा अन् खांदे. मन कर्जावर जाईनच. गेलं हे ध्यानात आलं की बोंडाचं टोक बोटाले बोचते तिथं परत या. मले पहिले आठ दिवस काहीच वाटलं नव्हतं.

गुरुदेवभक्त
गावात तुकडोजी महाराजांचं गुरुदेव सेवा मंडळ असन तर पहाटेच्या सामुदायिक ध्यानाले बसा. एकट्यानं बसवत नाही ते चार जणांत बसवते.

उपकेंद्रातली सिस्टर
रात्रीसाठी एक सांगते. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेत, जुन्या दुखण्याच्या रुग्णांसाठी ध्यानाचा एक कार्यक्रम सुरू केला. त्यात आडवं पडून पायाच्या बोटांपासून डोक्यापर्यंत सावकाश लक्ष फिरवतात. खाटेवर पडल्या पडल्या करून पाहा.
पण परतवाडेकर दादांच्या बोलण्यात एक भर घालते, आणि ती फार महत्त्वाची आहे. पाहायचं म्हणजे सोसायचं नाही. २०१७ मध्ये आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली. फवारताना डोळ्यांपुढं धूसर झालं, घाम फुटला, मळमळलं, की पंप खाली ठेवायचा, कपडे काढून साबणानं अंग धुवायचं आणि सरळ दवाखाना गाठायचा. तिथं श्वास पाहत बसू नका. आणि मनावरचं ओझं फारच झालं तर टेलीमानस, म्हणजे मनाच्या त्रासासाठी सरकारची हेल्पलाइन, १४४१६. फोन फुकट आहे, मराठीत बोलतात.

धुऱ्यावरची
चार दिवस करून पाहिलं. पाठ दुखतेच. पण जबडा कवा आवळते ते सापडलं: संध्याकाळी काट्यावर बायांचा कापूस मोजते तवा. मजुरीचे पैसे पुरतीन का, हे तिथंच डोक्यात येते. आता काटा हाती घ्याच्या आधी दात सैल सोडते.
सिस्टर, घरधनी रात्र रात्र अंगणात फिरतात, कोणाशी बोलत नाहीत. तुमचा तो नंबर त्यायच्या मोबाईलात टाकला. आज जेवणं झाले की दोघं मिळून लावतो.