मदत हवी आहे: मनोविकारांच्या औषधांवरचा थीसिस जर्नलच्या लेखात बसवायचाय, औषध बदललेल्या रुग्णांचं काय करू?

ओपीडीवाली

नमस्कार मंडळी. इथे डॉक्टर, फार्माकॉलॉजीवाले, स्टॅट्सवाले बरेच वावरतात म्हणून धागा काढतेय. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

मी मुंबईतल्या एका सार्वजनिक रुग्णालयात सायकियाट्रीची सीनियर रेसिडेंट आहे. एमडीचा थीसिस नाशिकला विद्यापीठात जमा झाला, मंजूरही झाला. आता त्याचा लेख करून सायकोफार्माकॉलॉजीच्या एखाद्या जर्नलला पाठवायचाय. विषय असा: सायकोसिसचं (भास-भ्रमांच्या आजाराचं) औषध आयुष्यात पहिल्यांदाच सुरू होणारे रुग्ण, ओलान्झापिन किंवा रिस्पेरिडोन, आणि बारा आठवड्यांत वजन, कंबर, बीपी, उपाशीपोटीची साखर, लिपिड यांत होणारा फरक. कोणाला कोणतं औषध हे युनिटचे डॉक्टर ठरवायचे, चिठ्ठ्या टाकून वाटप नव्हतं. रुग्णसंख्या शंभरच्या आत. एथिक्स कमिटीची परवानगी आणि लेखी संमती दोन्ही व्यवस्थित आहेत.

अडचण पुढे आहे. अभ्यास चालू असताना आमच्या फार्मसीच्या खिडकीवर ओलान्झापिनचा खडखडाट झाला. बऱ्याच रुग्णांना मधेच रिस्पेरिडोनवर टाकावं लागलं. प्रोटोकॉलप्रमाणे औषध बदललेले रुग्ण थीसिसच्या अंतिम तक्त्यात नाहीत. पण त्यांची वजनं, रिपोर्ट सगळं माझ्याकडे आहे. लेखात त्यांना घेऊ का? घेतलं तर कुठल्या गटात?

दुसरं, मे महिन्यात आणि गणपतीत निम्मी ओपीडी गावाला जाते. कोणी चिपळूण, कोणी जौनपूर. त्यामुळे आठव्या आठवड्याच्या रकान्यात भोकंच भोकं आहेत.

तिसरं, उपाशीपोटीची साखर. टिटवाळ्याहून पहिल्या लोकलने निघालेला माणूस इथे पोचेपर्यंत उपाशी राहत नाही. आमच्या सिस्टर रक्त घेताना विचारायच्या, "चहा घेतला का?" उत्तर ठरलेलं: "नुसता अर्धा कप, आणि एकच बिस्कीट." त्या बिचाऱ्या केस पेपरच्या समासात लाल पेनाने "चहा +" लिहून ठेवायच्या. या नोंदींचं करायचं काय?

आणि एकशे वीस पानांचे तीन हजार शब्द कसे करतात हेही कोणी सांगितलं तर उपकार होतील. गाइड मॅडम बदलीवर गेल्यात, फोनवर मदत करतात पण त्यांनाही वेळ नसतो.

आकडेमोड

तुमचा धागा लोकलमध्ये वाचला, उत्तर घरी येऊन टंकतोय.

आधी गटांचं. रुग्ण ज्या औषधावर सुरू झाला त्याच गटात ठेवून एक विश्लेषण करा, मग प्रत्यक्षात घेतलेल्या औषधाप्रमाणे दुसरं. दोन्ही छापा. निकाल एकाच दिशेला गेले तर प्रश्न मिटला, नाही गेले तर ते का, हाच चर्चेचा विषय. वगळणं मात्र नको. किती जण आले, किती सुरू झाले, किती बदलले, किती गळाले याची आकृती पहिल्या पानावर टाका. स्ट्रोब या लेखनाच्या मार्गदर्शक सूचनांची २२ कलमांची यादी असल्या निरीक्षणात्मक अभ्यासांसाठीच आहे. ती समोर ठेवून लिहिलंत तर जर्नलच्या तपासनिसाचे अर्धे प्रश्न आधीच संपतात.

भोकांबद्दल: मागचं वजन पुढे ओढून रकाना भरू नका. वजन वाढतं असताना तसं केलं की वाढ कमी दिसते. मिक्स्ड मॉडेल ही संख्याशास्त्रीय रीत वापरा, ज्याच्या जेवढ्या भेटी झाल्या तेवढ्या त्यात वापरल्या जातात. सुरुवातीचं वजन मॉडेलमध्ये घ्याच. आणि गळालेले व टिकलेले यांची सुरुवातीची तुलना एका छोट्या तक्त्यात द्या. गावाला गेलेला माणूस आणि बरं वाटलं म्हणून यायचं थांबलेला माणूस हे एकच नव्हेत. कारण नोंदवलेलं असेल तर वेगळं दाखवा.

साखर: "चहा +" वाले त्या एका मापातून बाहेर काढा आणि किती काढले ते लिहा. एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) केलं असेल तर तेच पुढे करा, त्याला उपास लागत नाही. केलं नसेल तर वजन हेच मुख्य माप ठेवा आणि साखरेला तक्त्यात एक ओळ पुरे. तुमच्या त्या सिस्टरांचं नाव आभारात हवं, इतक्या नेकीने नोंद ठेवणारी माणसं मिळत नाहीत.

ता. क. "पी = ०.०००" असं कुठेही राहू देऊ नका (पी म्हणजे निव्वळ योगायोगाने इतका फरक दिसण्याची शक्यता). एसपीएसएस या आकडेवारीच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्त्या तसं छापतात म्हणून लोक तसंच चिकटवतात. "०.००१ पेक्षा कमी" लिहा आणि प्रत्येक फरकासोबत कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा फरक कुठून कुठपर्यंत असू शकतो तो पट्टा) द्या.

परळचा म्हातारा

डॉक्टर, तुम्ही विचारलं नाहीत तरी पहिला प्रश्न मी विचारतो, कारण संपादक तोच विचारणार. ओलान्झापिनने वजन वाढतं हे जगजाहीर आहे. २००५ सालीच न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये केटी ही स्किझोफ्रेनियाच्या औषधांची तुलना करणारी अमेरिकन ट्रायल आली. १४९३ रुग्ण, अठरा महिने, आणि ओलान्झापिनवाल्यांचं वजन बाकीच्यांपेक्षा जास्त वाढलं. मग तुमच्या लेखात नवं काय?

माझ्या मते नवं आहे ते तुम्ही थीसिसमधून बाहेर ठेवलेल्या लोकांत. नेहमी डॉक्टर औषध बदलतो तो वजन वाढलं म्हणून किंवा गुण आला नाही म्हणून. म्हणजे बदलाचं कारणच रुग्णाच्या तब्येतीत दडलेलं असतं, आणि मग तुलना फसते. सुरुवातीलाही तसंच. आधीच स्थूल किंवा साखर असलेल्याला शहाणा डॉक्टर ओलान्झापिन देत नाही. तुमच्याकडे मात्र बदल झाला तो खिडकीवर माल नव्हता म्हणून. रुग्णाच्या वजनाचा त्याच्याशी काही संबंध नाही. ओलान्झापिन थांबल्यावर वजनाची चढण कुठे थांबते हे पाहायची अशी संधी मुद्दाम आखूनही मिळत नाही.

गळतीचीही लाज बाळगू नका. त्याच केटीत ७४ टक्के लोकांनी मुदतीआधी औषध सोडलं होतं, आणि तो आकडा सारांशातच छापला होता.

बाकी किरकोळ, पण यावर लेख परत येतात. औषधांची जेनेरिक नावं लिहा, कंपनीची नकोत. नुसतं "अँटिसायकोटिक" न म्हणता मेंदूतल्या कुठल्या रिसेप्टरवर (पेशीवरच्या ग्राहकावर) काम करतं ते सांगा. न्यूरोसायन्सवर आधारलेली नवी नामावली २०१४ पासून आहे आणि या विषयाची काही जर्नलं तीच मागतात. सोबतची औषधं लपवू नका. रिस्पेरिडोनबरोबर आपल्याकडे सर्रास ट्रायहेक्सिफेनिडिल (कंप-ताठरपणा कमी करणारं) जातं, आणि कोणाला व्हॅलप्रोएट (मूड स्थिर ठेवणारं) चालू असेल तर त्यानेही वजन वाढतं. कंबरेसाठी दक्षिण आशियाई मापं घ्या, पुरुष ९० सेंमी, बायका ८०. जुन्या अमेरिकन निकषातले १०२ आणि ८८ धरलेत तर तुमचे निम्मे रुग्ण सडपातळ ठरतील.

मुंबईच्या साध्या वॉर्डातली निरीक्षणं कोण वाचतो, असं मनात आणू नका. १९४९ साली डॉ. रुस्तम जाल वकील यांनी इथल्याच रक्तदाबाच्या रुग्णांवर सर्पगंधा वापरून ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये लिहिलं. पाच-सहा वर्षांत त्याच मुळीतलं रेसर्पिन अमेरिकेतल्या मनोरुग्णालयांत पोचलं होतं.

ओपीडीवाली

सर, हे डोक्यातच आलं नव्हतं! म्हणजे माल संपल्यामुळे झालेला बदल जवळजवळ चिठ्ठ्या टाकल्यासारखाच, असं लिहू का?

भावाचा भाऊ

मी डॉक्टर नाही. माझा धाकटा भाऊ नऊ-दहा वर्षं हीच औषधं घेतोय, म्हणून धागा वाचत होतो. रागावू नका, पण ते चिठ्ठ्यांचं मला पटलं नाही.

खिडकीवर "बाहेरून आणा" म्हणतात तेव्हा सगळ्यांचं औषध बदलत नाही. ज्यांच्या खिशात पैसे आहेत ते समोरच्या मेडिकलमधून तीच गोळी घेतात. आम्ही काही महिने घेतली. नंतर जमेना तेव्हा डॉक्टरांना सांगून बदलून घेतली. म्हणजे बदलले ते गरीब, न बदलले ते जरा बरे. आणि मधल्या काळात आई एक गोळी अर्धी करून दोन दिवस पुरवायची. सुरीने, पोळपाटावर. हे आम्ही ओपीडीत कधी बोललो नाही, कारण डॉक्टर ओरडतील. तुमच्या कागदावर दहा मिलिग्रॅम असेल, पोटात पाचच गेलेलं असेल.

आकडेमोड

भाऊ, लाख बोललात. हा मुद्दा मोठमोठ्या तपासनिसांच्याही नजरेतून सुटतो.

डॉक्टर, "जवळजवळ चिठ्ठ्या" अजिबात लिहू नका. बदल रुग्णाच्या वजनावर अवलंबून नव्हता, पण ऐपतीवर होता, आणि ऐपतीवर खाणंपिणं अवलंबून असतं. सोशल वर्करच्या नोंदीत उत्पन्न किंवा रेशनकार्डाचा रंग असेल तर तो मॉडेलमध्ये घ्या. बदललेले आणि बाहेरून घेणारे यांची तुलना वेगळ्या तक्त्यात द्या. डोस लिहाल तिथे "लिहून दिलेला डोस" असंच म्हणा, "घेतलेला" नव्हे. गोळ्या मोजल्या नव्हत्या हे मर्यादांमध्ये स्पष्ट टाका, आणि माल संपल्यावर डोस अर्धा झाला असण्याची शक्यताही. ती शक्यता तुमच्या निकालाला कुठल्या बाजूला ओढेल तेही सांगा: ओलान्झापिनची वाढ खरीपेक्षा कमी दिसेल.

आणखी एक. हे विश्लेषण प्रोटोकॉलमध्ये नव्हतं. तेव्हा ते नंतर सुचलेलं, शोधक स्वरूपाचं आहे असं पद्धतीच्या भागातच लिहा. पहिल्यापासून हाच उद्देश होता अशी प्रस्तावना रचण्याचा मोह होतो. थीसिस विद्यापीठात पडलाय, कोणीही काढून ताडून बघेल.

लाल शाई

मी हस्तलिखितं दुरुस्त करण्याचं काम करते, त्या बाजूने थोडं.

एकशे वीस पानं कापत बसू नका, त्यातून लेख निघत नाही. तक्ते आणि आकृती आधी पक्क्या करा, चार-पाचच्या वर नकोत. मग त्यांच्याभोवती निकाल लिहा, मग पद्धती, मग चर्चा, सगळ्यात शेवटी प्रस्तावना आणि सारांश. थीसिसमधला "साहित्याचा आढावा" जवळजवळ सगळा जाईल. क्रेपेलिन या जुन्या जर्मन मनोविकारतज्ज्ञापासून सुरुवात लेखात कोणी वाचत नाही. भाषा नव्यानेच लिहा, नाहीतर साम्य तपासणारं सॉफ्टवेअर तुमचाच थीसिस तुमच्यासमोर ठेवेल. बहुतेक जर्नलं थीसिसला आधीचं प्रकाशन मानत नाहीत, पण संपादकाच्या पत्रात त्याचा उल्लेख करून टाका.

कुठे पाठवायचं? इंडियन जर्नल ऑफ सायकियाट्री आणि इंडियन जर्नल ऑफ सायकॉलॉजिकल मेडिसिन ही दोन आधी बघा. परळहून निघणारं जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन १९५५ पासून चालू आहे, तेही नजरेखालून घाला. माल संपण्याचा मुद्दा भारतीय संपादकाला समजावून सांगावा लागणार नाही, हा मोठा फायदा. परदेशीच हवं असेल तर प्रस्तावनेत आपल्या रुग्णालयांत औषध कसं मिळतं हे दोन वाक्यांत सांगावं लागेल. "डियर एमिनंट प्रोफेसर" अशी सुरुवात असलेल्या, आठवड्यात छापून देतो म्हणणाऱ्या मेलांना उत्तरही देऊ नका.

काही जर्नलांत तपासनिसाला लेखक कोण ते कळू द्यायचं नसतं. तसं नाव लपवायचं असेल तर रुग्णालयाचं नाव पद्धतीच्या भागात, एथिक्स कमिटीच्या ओळीत आणि फाइलच्या प्रॉपर्टीजमध्येही राहतं. तिन्ही ठिकाणी बघा. सीटीआरआयवर (भारताच्या क्लिनिकल ट्रायल नोंदवहीत) नोंद नसेल तर नाही असं सरळ लिहा. निरीक्षणात्मक अभ्यासाला ती सक्तीची नाही, आणि १ एप्रिल २०१८ पासून तिथे आधीच सुरू झालेल्या ट्रायलची मागाहून नोंद होत नाही. इंग्रजी सुधारायला एआय वापरलंत तर तसं जाहीर करा. त्याला लेखक मात्र करता येत नाही.

लेखकांची नावं किती आहेत?

ओपीडीवाली

तोच तर घोळ आहे. मी, गाइड मॅडम, स्टॅट्स करून देणारा मित्र. आणि विभागातले एक वरिष्ठ, ज्यांनी अजून एकही पान पाहिलेलं नाही.

लाल शाई

आयसीएमजेईचे (वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे) लेखक कोणाला म्हणावं याचे चार निकष आहेत आणि चारही पूर्ण व्हावे लागतात: कामात ठोस वाटा, मजकूर लिहिणं किंवा गंभीरपणे तपासणं, अंतिम प्रतीला मान्यता, आणि सगळ्या कामाची जबाबदारी. भांडायला जाऊ नका. मसुदा त्यांना मेल करा, चर्चेच्या भागावर लेखी सूचना मागा, आठवडाभराची मुदत द्या. वाचून सूचना दिल्या तर एक निकष झाला, पण पहिला राहतोच. अभ्यासाच्या आखणीत वाटा होता का ते तुम्हालाच माहीत. नसेल तर आभारात नाव. बहुतेक जर्नलं प्रत्येकाने काय केलं ते नावानिशी लिहून मागतात, तो रकाना त्यांच्यापुढे ठेवा. बोलायचं काम फॉर्म करतो.

परळचा म्हातारा

फॉर्मने सगळेच वरिष्ठ ऐकतात असं नाही हो. पण गाइड मॅडमना मेलमध्ये सीसी ठेवा, बरंच सोपं जातं.

ओपीडीवाली

सगळ्यांचे मनापासून आभार. भाऊ, तुमचे विशेष. गोळी अर्धी करण्याबद्दल मी उद्यापासून ओपीडीत न ओरडता विचारणार आहे. उत्पन्नाचा रकाना सोशल वर्कर मॅडमच्या रजिस्टरमध्ये आहे, मिळेल.

एक शेवटचं, आकडेमोड यांना. लक्षणांसाठी पॅन्स (लक्षणांच्या तीव्रतेला गुण द्यायची मोजपट्टी) वापरलंय. सुधारणा टक्क्यांत द्यायची तर थेट स्कोअरवरून काढू की ३० वजा करून?

आकडेमोड

३० वजा करूनच. पॅन्समध्ये तीस बाबी आणि प्रत्येकीला किमान १ गुण, म्हणजे ठणठणीत माणसाचाही स्कोअर ३० येतो, शून्य नाही. ९० वरून ६० वर आलेला रुग्ण थेट काढलात तर ३३ टक्के सुधारला, ३० वजा करून काढलात तर ५० टक्के. कुठल्या रीतीने काढलं ते पद्धतीत लिहा, कारण छापलेल्या लेखांत दोन्ही सापडतात आणि तुलना करताना गोंधळ होतो. पॅन्सचा परवाना कोणाच्या नावावर आहे तेही आत्ताच बघून ठेवा, जर्नलं विचारतात.

तक्ते झाले की व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. शनिवारी-रविवारी नजर टाकतो.